डावीकडे ओढणारा रोबो

शिबिराचा पहिला दिवस, सकाळचे साडेदहा. शाळेच्या हॉलमध्ये शहाबादी फरशीवर खडूने एक रेघ ओढली होती आणि त्या रेघेवर सहा रोबो ओळीने उभे होते. समोर बरोबर दोन मीटरवर पाण्याच्या सहा रिकाम्या बाटल्या. मुलांनी दिलेली आज्ञा एकच होती: सरळ जा. बटणं दाबली, मोटरी घुरघुरल्या आणि सहातल्या एकाही रोबोला आपली बाटली सापडली नाही. दोन उजवीकडे कलले, तीन डावीकडे, आणि उरलेला एक दारातून बाहेर पडून चपलांच्या ढिगात जाऊन रुतला. सातवीतल्या एका मुलाने लगेच निकाल देऊन टाकला, "सर, हे खराब आहेत."

खराब नव्हते. आदल्या संध्याकाळी आम्ही ते तपासले होते आणि मुद्दाम जसेच्या तसे ठेवले होते. तालुक्याच्या गावी मे महिन्यात पाच दिवसांचं हे शिबिर, सकाळी दहा ते चार, डबा घरून आणायचा, पाचवी ते आठवीची चोवीस मुलं. पाच दिवसांत चोवीस मुलांना 'कोडिंग' येत नाही. तसं सांगणाऱ्या जाहिराती काही वर्षांपूर्वी फार जोरात होत्या आणि त्यांनी बऱ्याच आईबापांच्या खिशाला चाट लावली. पाच दिवसांत एवढंच होऊ शकतं: एका यंत्राने आपलं ऐकलं नाही तर त्याच्यावर न चिडता, ते नेमकं काय करतंय हे मुलं बघायला लागतात. त्यासाठी 'सरळ जा' या आज्ञेइतकी उपयोगी आज्ञा मला अजून मिळालेली नाही.

या रोबोला दोन चाकं, मागे आधाराला एक गरगर फिरणारं छोटं चाक, आणि प्रत्येक मोठ्या चाकाला स्वतंत्र मोटर. सुकाणू नाहीच. दोन्ही चाकं सारखी फिरली तर गाडी सरळ, एक हळू झालं तर त्या बाजूला वळण. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात या मोटरींना 'बीओ मोटर' म्हणतात. प्लॅस्टिकच्या खोक्यात एक चिमुकली मोटर आणि तिचा वेग कमी करणारी दातेरी चाकं, बहुतेकांत आतली मोटर ४८ वेळा फिरते तेव्हा बाहेरचं चाक एकदा. वस्तू स्वस्त, म्हणून दोन मोटरी कधीच जुळ्या नसतात. एकीचं चुंबक किंचित कमजोर असतं, एकीच्या दात्यांना घर्षण जास्त असतं. त्यातून त्या एकमेकींकडे पाठ करून बसवलेल्या, म्हणजे गाडी पुढे जाताना एक सुलटी फिरते आणि दुसरी उलटी. कागदावर दोन्हींचा वेग सारखाच लिहिलेला असतो.

फरक किती असला म्हणजे किती बिघडतं? दोन चाकांत १३ सेंटिमीटर अंतर आहे आणि डावं चाक शंभराला पाच या हिशोबाने हळू फिरतंय असं धरा. मग गाडी सुमारे अडीच मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर चालायला लागते आणि दोन मीटर चालून होईपर्यंत पाऊण मीटर डावीकडे सरकलेली असते. शंभराला एकच फरक असला तरी बाटली १५ सेंटिमीटरने हुकते. मुलांपुढे हे गणित मांडावं लागत नाही. कवायतीत चार जणांची रांग वळते तेव्हा आतल्याने जवळजवळ जागेवरच पावलं टाकायची असतात, हे त्यांच्या पायांना ठाऊक असतं.

पण त्या दिवशी कवायतीचीही गरज पडली नाही. मागे बसलेला, तोवर एक अक्षर न बोललेला एक मुलगा म्हणाला, "डावा बैल कामचुकार आहे. उजव्याला आवरायला पाहिजे."

त्याच्या घरी बैलजोडी होती. मी फळ्यावर आकृती काढायला खडू उचलला होता, तो खाली ठेवला.

लहान मुलांच्या हाती रोबो देण्याची कल्पना आजकालची वाटते, पण ती पन्नास वर्षांहून जुनी आहे आणि तिची सुरुवात एका कासवापासून होते. खरं तर दोन देशांतल्या कासवांपासून. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला ग्रे वॉल्टर नावाचे मेंदूचे अभ्यासक होते. १९४८-४९च्या सुमारास त्यांनी एल्मर आणि एल्सी ही दोन यंत्रं बनवली. तीन चाकं, प्रकाश टिपणारा एक डोळा, आणि कशावर आदळलं तर कळावं अशी कवचाची रचना. संगणक नाही, प्रोग्राम नाही, मोजक्या निर्वात नळ्यांचं सर्किट. तरी ती उजेडाकडे वळत, अडथळा टाळत आणि बघणाऱ्याला जिवंत वाटत. वॉल्टर त्यांना कासवंच म्हणत.

दुसरं कासव अमेरिकेतलं. सीमोर पेपर्ट मूळचे दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियाचे, जन्म १९२८चा. गणितात शिकलेले, वर्णभेदाविरुद्धच्या चळवळीत वावरलेले. १९५८पासून पाच वर्षं ते जिनिव्हात झां पियाजे यांच्याबरोबर होते. मूल ज्ञान घेत नाही, ते स्वतः बांधतं, हा पियाजेंचा विचार तिथून घेऊन पेपर्ट एमआयटीत आले (पुण्याच्या नव्हे, अमेरिकेतल्या). १९६७ साली त्यांनी वॉली फॉयरझाइग, सिंथिया सॉलोमन आणि इतर सहकाऱ्यांबरोबर मुलांसाठी 'लोगो' ही संगणकभाषा घडवली. सुरुवातीच्या लोगोत कासव नव्हतंच, शब्द आणि वाक्यं यांच्याशीच खेळ होता. दोन-तीन वर्षांनी जमिनीवर चालणारं, संगणकाला वायरीने जोडलेलं, पोटात पेन असलेलं यंत्र आलं. त्याला 'पुढे ५०' म्हटलं की ते पन्नास मापं पुढे जाई, 'उजवीकडे ९०' म्हटलं की काटकोनात वळे आणि जाताना कागदावर रेघ सोडत जाई.

पेपर्टांनी १९८० साली 'माइंडस्टॉर्म्स' हे पुस्तक लिहिलं. लेगो कंपनीने १९९८मध्ये काढलेल्या रोबोसंचाला त्यावरूनच नाव दिलं. पुस्तकाच्या आरंभी पेपर्ट आपल्या लहानपणच्या एका वेडाबद्दल सांगतात: मोटारीतली दातेरी चाकं, त्यातही डिफरन्शियल. गाडी वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी ही रचना. त्या पोराला तिचं इतकं आकर्षण होतं की पुढे शाळेतली समीकरणंसुद्धा त्याने मनातल्या मनात दातेरी चाकं फिरवून समजून घेतली. दोन चाकांच्या वेगातला फरक आमच्या हॉलमध्ये तक्रारीचा विषय होता. त्यांच्या बाबतीत तीच गणिताची पहिली गोडी होती.

पेपर्टांची खरी युक्ती अशी की कासवाला तोंड असतं, ते कुणीकडे तरी बघत असतं, अगदी मुलासारखं. म्हणून कासवाने काय करावं हे कळेनासं झालं की मुलाने उठून स्वतःच कासव व्हायचं. आमच्याकडे पहिल्या दिवशी एक तास याच खेळाचा असतो. एकाच्या डोळ्यांवर रुमाल, दुसऱ्याने त्याला चार शब्दांत दारापर्यंत न्यायचं: पुढे, डावीकडे, उजवीकडे, थांब. पहिली आज्ञा हमखास येते, "दाराकडे जा." रुमालवाल्याने शहाण्यासारखं जागेवर उभं राहायचं, कारण रोबोला दार माहीत नसतं. मग "पुढे". किती पुढे? "चार पावलं." कुणाची पावलं? पाचवीतल्या मुलीची चार आणि आठवीतल्या उंच मुलाची चार सारखी नव्हेत, यावर जे भांडण होतं त्यात मापनाचा आख्खा धडा येऊन जातो. सगळ्यात मोठा गोंधळ डाव्या-उजव्याचा. आज्ञा देणारा समोर उभा असला की त्याचं डावं ते रोबोचं उजवं. दोन-तीनदा भिंतीवर आपटल्यावर मुलं आपोआप रोबोच्या पाठीमागे जाऊन उभी राहतात. कुणाला सांगावं लागत नाही.

पडदा आणि माऊस पहिल्या दिवशी आम्ही काढतच नाही. यालाही जुना आधार आहे. १९७४ ते ७६च्या काळात एमआयटीत रेडिया पर्लमन या विद्यार्थिनीने अगदी लहान, वाचतासुद्धा न येणाऱ्या मुलांसाठी 'टॉर्टिस' नावाची व्यवस्था केली होती. आधी नुसत्या बटणांची पेटी आणि मग एक 'स्लॉट मशीन'. त्याच्या खाचांमध्ये प्लॅस्टिकची कार्डं ओळीने खोचायची, एक कार्ड म्हणजे एक आज्ञा, आणि बटण दाबलं की कासव ती ओळ क्रमाने पाळायचं. याच पर्लमनबाईंनी पुढे १९८५ साली संगणकांच्या जाळ्यात संदेश गोल-गोल फिरत राहू नयेत यासाठीची 'स्पॅनिंग ट्री' पद्धत शोधली. आज शाळांतून दिसणारा मधमाशीच्या आकाराचा 'बी-बॉट' याच घराण्यातला: पाठीवर बाणांची बटणं, एका दाबाला १५ सेंटिमीटर पुढे, वळण काटकोनातच. आम्ही पुठ्ठ्याची कार्डं कापतो. काम तेच.

दुसऱ्या दिवशी चौकोन. पुढे, वळ ९०, असं चार वेळा. हे सगळ्यांना जमतं आणि सगळे हुशार ठरतात. मग त्रिकोण. समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा, हे सहावीत घोकून झालेलं असतं, म्हणून प्रत्येक गट आत्मविश्वासाने 'वळ ६०' असं लिहितो. रोबो पहिली बाजू काढतो, दुसरी काढतो, तिसरी काढून थांबतो, आणि फरशीवर त्रिकोणाऐवजी अर्धवट भांड्यासारखं काहीतरी उमटलेलं असतं. तीन मिनिटं हॉलमध्ये शांतता. चूक दुरुस्त करण्याचा मोह आवरणं हेच शिकवणाऱ्याचं त्या तीन मिनिटांतलं काम, आणि ते मला अजून नीट जमत नाही.

उलगडा होतो तो चालूनच. एक मुलगी खडूच्या त्रिकोणावरून पाय टाकत निघाली आणि पहिल्या कोपऱ्यावर थबकली. ती ज्या दिशेला तोंड करून आली होती तिथून पुढच्या बाजूकडे वळायला तिला साठापेक्षा बरंच जास्त फिरावं लागत होतं, जवळजवळ मागे वळून पाहिल्यासारखं. आतला कोन ६० असला तरी वळायचं असतं १८० वजा ६०, म्हणजे १२०. मग दुसऱ्याच कुणाला तरी दिसलं की चौकोनात चार वेळा ९० म्हणजे ३६०, त्रिकोणात तीन वेळा १२० म्हणजेही ३६०. पंचकोनाला ७२ हवेत हे त्यांनी न विचारता सांगितलं. कुठल्याही बंद आकृतीला एक फेरी मारून पहिल्या जागी पहिल्याच दिशेला तोंड करून उभं राहिलं की आपण एकूण एक गिरकी घेतलेली असते. वाट स्वतःला छेदत नसली म्हणजे झालं. भूमितीच्या पुस्तकात हे बाह्यकोनांचं प्रमेय म्हणून भेटतं, पण बऱ्याच उशिरा, आणि तिथे वळणारं कुणी नसतं.

इथे माझी एक तक्रार. आपल्याकडे लोगो आलं होतं. नव्वदीत आणि त्यानंतर संगणकाचा तास असलेल्या शाळांतून शिकलेल्या पुष्कळांना 'एफडी १००, आरटी ९०' आठवत असेल. पण ते कासव पडद्यावरचं, एक छोटा त्रिकोण. ते नेहमी नाकासमोर चालायचं, ९० म्हटलं की बरोबर ९० वळायचं. त्यामुळे चूक झाली तर ती नेहमी मुलाचीच. जमिनीवरच्या रोबोत चूक कुणाची हेच आधी शोधावं लागतं: आज्ञेची, मोटरीची, बॅटरीची, की फरशीवर सांडलेल्या पाण्याची. आम्ही पडद्यावर ठोकळे जोडूनच प्रोग्राम करतो. २००७मध्ये एमआयटीत मिचेल रेझनिक आणि सहकाऱ्यांनी काढलेल्या 'स्क्रॅच'च्या धर्तीवरची ही पद्धत, त्यात स्पेलिंगच्या चुका होतच नाहीत. पण निकाल फरशीवर लागतो.

तर, उजव्या बैलाला आवरायचं कसं? मोटरीचा वेग ० ते २५५ अशा आकड्यात सांगता येतो. सर्किट मोटरीला सेकंदाला सुमारे ५०० वेळा चालू-बंद करतं, आणि 'चालू' जितका जास्त वेळ तितका वेग जास्त. डावं चाक २००वर ठेवून उजवं १९६, १९२, १९० असं उतरवत मुलांनी पूर्ण दुपार घालवली. प्रत्येक वेळी रोबो कुठे पोहोचला तिथे खडूची खूण आणि शेजारी आकडा. चार वाजता सहापैकी पाच रोबो बाटली पाडत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे पुन्हा भरकटले. बॅटऱ्या रात्रभर चार्ज झाल्या होत्या आणि कालचे आकडे उतरलेल्या बॅटरीवर बसवलेले होते. मुलांची तोंडं बघण्यासारखी झाली. त्यांच्या हे लक्षात आलं (आणि इथे मी थोडी मदत केली) की आकडे घोटून सरळ चालणं टिकत नाही, कारण रोबो चालताना डोळे मिटूनच चालतोय. नांगर धरणारा माणूस तास सरळ यावं म्हणून बैलांची ताकद मोजत बसत नाही. तो समोरच्या बांधावरच्या एखाद्या झाडावर नजर ठेवतो आणि जरा कललं की सावरतो. रोबोला डोळे द्यायला हवेत.

डोळे म्हणजे रोबोच्या पोटाखाली बसवलेले इन्फ्रारेडचे दोन छोटे सेन्सर. एक दिवा आपल्याला न दिसणारा प्रकाश खाली टाकतो, पांढऱ्या कागदावरून तो परत येतो, काळ्या पट्टीत तो शोषला जातो. वायरमन वापरतात ती काळी इन्सुलेशन टेप पांढऱ्या फ्लेक्सच्या उलट्या बाजूला चिकटवली की झाला रस्ता. डाव्या सेन्सरला काळं दिसलं तर डावीकडे वळ, उजव्याला दिसलं तर उजवीकडे, दोघांनाही पांढरं तर पुढे. या तीन ओळींवर रोबो पट्टीवरून डुलत डुलत जातो. एका मुलीने विचारलं, "म्हणजे हा सारखा चुकतोय आणि सारखा सुधारतोय, बरोबर ना?" बरोबर. अभियांत्रिकीत याला 'फीडबॅक' म्हणतात आणि त्यावर जाडजूड पुस्तकं आहेत.

बारा वाजता मात्र दोन रोबो पट्टी सोडून सरळ निघून जायला लागले. तेही हॉलच्या एकाच कोपऱ्यात. वायरी तपासल्या, सेन्सरवरचा स्क्रू फिरवून झाला, प्रोग्राम पुन्हा चढवला. शेवटी एकाला जाणवलं की त्या कोपऱ्यात खिडकीतून ऊन येतंय. उन्हातही इन्फ्रारेड असतो, आणि भरपूर. सेन्सरवर तो इतका पडतो की काळी पट्टीसुद्धा त्याला पांढरी वाटते. फ्लेक्स सावलीत ओढला आणि रोबो शहाणे झाले.

चौथ्या दिवशी अडथळा ओळखणारा सेन्सर, वटवाघळाच्या पद्धतीचा. तो ४०,००० हर्ट्झचे आठ ठोके सोडतो. आपला कान साधारण २०,०००पर्यंतच ऐकतो, म्हणून आपल्याला पत्ता लागत नाही. प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर. मेच्या उकाड्यात आवाज सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो, म्हणजे मीटरभर लांबच्या भिंतीवरून परत यायला सहा मिलिसेकंदही लागत नाहीत. मुलांना मजा आली ती तो फसतो यात. भिंत तिरकी असली की आवाज भलतीकडे जातो, आणि कुणी ओढणीची घडी समोर धरली की कापड आवाज गिळतं आणि रोबो बिनधास्त तिच्यावर चालून जातो.

त्याच दिवशीची एक चूक मला प्रत्येक शिबिरात भेटते. प्रोग्राम असा: 'अंतर २० सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर थांब, नाहीतर पुढे जा.' वाचायला बिनचूक. रोबो मात्र थेट भिंतीवर. कारण हा प्रश्न त्याने सुरुवातीला एकदाच विचारला. तेव्हा भिंत लांब होती, मग तो पुढे निघाला, आणि पुन्हा बघ असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. माणसाला 'समोर काही आलं तर थांब' म्हटलं की 'बघत राहा' त्यात आलंच. यंत्राला ते वेगळं सांगावं लागतं, 'फॉरएव्हर' नावाच्या ठोकळ्याच्या पोटात हा सगळा प्रश्न ठेवून. आठवीतल्या मुलाने यावर केलेली टिप्पणी: "रस्ता ओलांडताना आजी पण एकदाच बघते."

एक गोष्ट मात्र तंत्राची नाही. चौघांच्या गटात पहिल्या तासाभरात कामं आपोआप वाटली जातात: स्क्रू ड्रायव्हर आणि कीबोर्ड मुलांकडे, वही मुलींकडे. कुणी तसं ठरवत नाही, तरी तसंच होतं. आम्ही दर वीस मिनिटांनी घंटा वाजवून जागा बदलायला लावतो. सुरुवातीला दोन्हीकडून कुरकुर असते. वहीवाल्यांनी टिपलेले आकडे किती मोलाचे होते हे तिसऱ्या दिवशी, बॅटरीच्या घोळात, सगळ्यांना कळलं, आणि त्यानंतर वहीसाठीही मारामारी होऊ लागली.

सरकारने २०१६पासून अटल इनोव्हेशन मिशनखाली शाळांना टिंकरिंग लॅब दिल्या, सहावी ते बारावीसाठी, प्रत्येकी २० लाखांपर्यंतच्या अनुदानाच्या. २०२०च्या शैक्षणिक धोरणातही माध्यमिक शाळेपूर्वीच कोडिंगची ओळख करून देण्याचा उल्लेख आहे. लॅब चांगल्या हातात पडली तर फार उपयोगी. पण कपाटाला कुलूप आणि 'हात लावू नका'ची पाटी असलेली लॅबही मी पाहिली आहे, आत प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून न काढलेले सेन्सर. मुलं मोटर जाळतील ही भीती खरी आहे. आमच्याकडे पाच दिवसांत दोन जळल्या.

शेवटच्या दिवशी दुपारी तीनला पालक आले. पुढच्या रांगेत शाळेचे मुख्याध्यापक आणि गावातले एक पाहुणे. फ्लेक्सवर काळी पट्टी, वळणावळणाची, शेवटी पुठ्ठ्याचा बोगदा. ज्या गटाचा रोबो पहिल्या दिवशी चपलांत रुतला होता त्यांची पहिली पाळी. रोबो निघाला, दोन वळणं नीट घेतली. पाहुण्यांनी शेजाऱ्याला विचारलं, "रिमोट कुणाकडे आहे?" तिसऱ्या वळणावर रोबोने पट्टी सोडली आणि तो पाहुण्यांच्या बुटांकडे निघाला. टाळ्या थांबल्या. मी नकळत अर्धा उठलो.

गटातल्या मुलीने रोबोला हातही लावला नाही. तिने एकदा फ्लेक्सकडे पाहिलं, मग वर, आणि खुर्च्यांमधून वाट काढत पश्चिमेच्या खिडकीपाशी जाऊन पडदा ओढून घेतला. परत आली, रोबो उचलून तिसऱ्या वळणाच्या अलीकडे ठेवला आणि बटण दाबलं.